ऑफ तासांचे हक्काचे मनुष्यबळ?

संपादक महोदय,

बी.एड. दोन वर्षांचे झाले तेव्हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी प्रत्यक्ष शालेय कामासाठी २० आठवडे ठेवले, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. पण छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चा विद्यार्थी, शाळेत रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती ऑफ तासांची, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या जागी वर्ग सांभाळण्याची, चिठ्ठी पडते. दिवसभर वर्ग सांभाळायचे आणि टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, रात्री काढायचे. तोंडावर नकार देणे अवघडच. म्हणून तारीख, तुकडी, तास आणि कोणाच्या जागी, एवढे वहीत लिहून दर शनिवारी महाविद्यालयाच्या मार्गदर्शकांना दाखवावे. मुख्याध्यापकांशी बोलायला कुरकुरीपेक्षा ते पान कामी येते.

दुसरा घोळ घटकाचा. नववीला 'समांतर रेषा'चे टाचण घेऊन जावे, तर वर्ग 'त्रिकोणा'त शिरलेला. "सर, हे झालंय!" म्हणत मुले वह्या मिटतात आणि मग गोंगाट. याला वर्गनियंत्रणाचा दोष म्हणणे अन्यायाचे आहे. तीन दिवस आधी विषयशिक्षकांकडून घटक, पान क्रमांक आणि स्वाक्षरी टाचणावरच घ्यावी.

तास ३५ मिनिटांचा, पण हजेरी आणि स्थिरस्थावर होण्यात पाच-सात मिनिटे जातातच. प्रस्तावना लांबली की पाठाच्या शेवटी करायचे संकलन घंटेखाली सापडते. टाचण २८ मिनिटांचे काढावे, फलक आराखड्यासकट.

पाठ निरीक्षणाची तर कमालच आहे. शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांचा शिक्षक-खोलीत बसूनच 'पाठ चांगला झाला' असा शेरा! त्याऐवजी छात्राध्यापकानेच मार्गदर्शक शिक्षकांच्या हाती वर्गाचा बैठक आराखडा द्यावा. ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक टिंब. ठिपके बहुधा पुढच्या दोन बाकांवर दाटतात, शेवटच्या रांगा कोऱ्या राहतात. पुढच्या पाठात नेमके काय सुधारायचे ते लगेच दिसते. चर्चा त्याच दिवशी व्हावी, दुसऱ्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही.

अर्थात मार्गदर्शक शिक्षकांचा कार्यभार तसाच ठेवून हे सारे त्यांच्याकडून मागायचे कशाच्या जोरावर? महाविद्यालयांनी शाळा ठरवतानाच मुख्याध्यापकांबरोबर एक पानी लेखी करार करावा: छात्राध्यापकाला दिवसाला ऑफ तास जास्तीत जास्त किती, मार्गदर्शकांना आठवड्यात निरीक्षणासाठी मोकळे तास किती, आणि तक्रार आधी कोणाकडे न्यायची.

— अध्यापक महाविद्यालयातील दोन प्राध्यापक, सातारा