पावणीत 'तीन' म्हणण्याआधी फोनवाल्याला विचारा

संपादक महोदय,

यंदा चवथीला आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीच्या पावणीत, म्हणजे देवापुढच्या वस्तूंच्या लिलावात, माटोळीच्या (मूर्तीच्या वर फळे-भाज्या टांगून केलेल्या सजावटीच्या) एका नारळावरून चांगलीच जुंपली. 'साडेचार हजार एक, साडेचार हजार दोन...' पुकारणारा जरा थांबला आणि 'तीन' म्हणून त्याने नारळ समोरच्या गृहस्थाच्या हातात दिला. मागाहून कुणाच्या तरी मोबाइलमधून आवाज आला, 'पाच हजार!' बोलणारा कुवेतमध्ये. त्याची आई पहिल्याच रांगेत बसलेली. 'मी दोनलाच बोललो,' असे तो सांगत होता आणि ते खोटेही नव्हते. तो फेसबुक लाइव्ह बघत होता, जे काही सेकंद मागेच असते. मंडपात 'तीन' होऊन गेले, तेव्हा त्याच्या पडद्यावर 'दोन'च चालले होते.

बाहेरच्यांची बोली घेऊच नये, असे काही जुनी मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. पावणीतला नारळ कोणी सोलकढीसाठी घेत नाही.

मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 64 प्रमाणे हातोडा पडला किंवा रूढ पद्धतीने जाहीर झाले की विक्री पूर्ण. आपल्याकडे 'तीन' हाच हातोडा. म्हणून नारळ समोरच्याचाच, हे योग्यच झाले. पण मग 'तीन' म्हणण्याआधी फोनवाल्याला विचारायला नको? टेबलाशी एक माणूस फक्त फोन घेऊन बसवावा. बोली साध्या कॉलवरच घ्यावी, लाइव्हखालच्या कॉमेंटवरून नव्हे, आणि ती त्याने मंडपात मोठ्याने पुकारावी. लाइन तुटण्याची भीती असेल त्याने आपली कमाल रक्कम आधीच सांगून ठेवावी. खनिज ब्लॉकांच्या ई-लिलावात शेवटच्या क्षणी बोली आली तर वेळ आपोआप वाढते. आपल्याला 'फोनवर आणखी कोण?' एवढे विचारले तरी पुरे.

फोनवरून बोली लावणाऱ्याचे नाव आधी वहीत लिहावे, हेही महत्त्वाचे. नाहीतर मंडळाचाच माणूस बाहेरून भाव चढवतो, अशी कुजबुज सुरू होते. विकणाऱ्याने बोली लावण्याचा हक्क आधी उघडपणे राखून ठेवला नसेल, तर स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावायला हेच कलम मनाई करते.

आणि हो, त्या फोनला चार्जर लावून ठेवा. यंदा केळ्यांच्या घडाची बोली ऐन रंगात असताना एकाची बॅटरीच गेली.

— एक वाचक, डिचोली