पायताणाची बातमी आणि कोल्हापुरी बंधारा

राजारामपुरीतल्या वेबवाल्या दादांना,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्यासाठी वेबवरच्या कोल्हापुरी चपलांच्या बातम्या वेचून देता, त्याचे फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे हो ताई" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता बदला.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दाखवल्या आणि देशभर गवगवा झाला. सुभाषनगरात आमच्या घरी ती बातमी सगळ्यात शेवटी आली, तीही माईक घेऊन. चॅनलचा पोरगा दारात उभा राहून विचारतोय, "काका, तुम्हाला काय वाटतं?" आणि आप्पा हातातली आरी तशीच धरून म्हणतायत, "कशाचं?" ती क्लिप मोबाईलवरून गावभर फिरली. आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चाळीस वर्षं कातडं कापलेल्या माणसाला त्याच्याच पायताणाची खबर नव्हती.

परत असं होऊ नये म्हणून बातम्यांवर लक्ष ठेवायला घाईघाईने एका कंपनीला पैसे भरले. दर सोमवारी इंग्रजीत अहवाल यायचा, त्यात नुसती रंगीत वर्तुळं. आप्पांनी त्यातला एक कागद पाठकोरा म्हणून घेतला आणि गिऱ्हाइकाच्या पायाचं माप काढलं. त्या अहवालाचा तेवढाच उपयोग झाला.

तुम्ही मात्र आधी येऊन बसलात. दोन दुपारी. आप्पा करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन पेपर चाळतात, तारीख टिपतात, मग अंक मिळवून कात्री चालवतात आणि चपलेच्याच खळीनं कात्रण वहीत चिकटवतात, हे सगळं बघितलंत. लॅपटॉप पिशवीतून बाहेर काढला नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस काही कामाचा नाही.

मग पहिला डॅशबोर्ड, म्हणजे वेचलेल्या बातम्यांचा फलक, उघडला. "कोल्हापुरी" शब्दावर आलं काय? चिकन, मिसळ, साज, तांबडा रस्सा, आणि महाराष्ट्रात जिथं जिथं पाणी अडवलंय तिथले कोल्हापुरी बंधारे! आमची आई हसून हसून खाली बसली. तुम्ही म्हणालात, हे शब्द वगळू. वगळलेत. दुसऱ्या दिवशी एका पर्यटकानं मिसळ खाऊन चपला घेतल्याचा छान लेख आला होता, तो मिसळीपायी गाळला गेला. आणि पावसात आईनं हक्कानं मागून घेतलेला पंचगंगेच्या पाणीपातळीचा चौकोन कोरा पडला, कारण पाणी मोजतात राजाराम बंधाऱ्यावर आणि बंधारा तर आपण हाकलून दिलेला. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. आमच्या घरी पावसाळ्यात हा आकडा भाकरीआधी लागतो. चामडं ओलं झालं की बुरशी धरतं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सिस्टीमच तशी आहे. तुम्ही रात्री बसून सगळं उलटं केलंत. काही वगळायचं नाही; "कोल्हापुरी"च्या आसपास चप्पल, पायताण, चामडं, कापशी (हा आपल्या चपलेचाच एक प्रकार) यातलं काही असेल तरच बातमी घ्यायची. पंचगंगेला तिचा वेगळा नियम. कोल्हापूर ऱ्हस्व-दीर्घ कसंही लिहिलेलं चालेल. एकाच वृत्तसंस्थेची बातमी वीस पोर्टलांनी छापली तर ती एकदाच दिसेल. आणि सकाळी सातला एकदा, दिवसभर टिंगटिंग नाही.

कानडीचा रकाना तर आम्ही मागितलाही नव्हता. 2019 चं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे, हे तुम्ही वाचून आलात. अथणीत आप्पांचे जुने दोस्त आहेत. आप्पांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. आता खाली मराठीत येतं. भाषांतर कधी कधी भयंकर असतं, पण अथणीवाल्यांना फोन करायला निमित्त मिळतं.

एक गोष्ट तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलीत: ई-पेपरात जी पानं नुसत्या चित्रासारखी असतात आणि जी पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, ती यात येणार नाहीत. म्हणून आप्पांची कात्री अजून चालू आहे. हे लपवलं असतंत तर आम्हाला कळलंही नसतं.

डिसेंबरात प्राडा आणि दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांचा करार झाल्याची बातमी आली. 2,000 जोड इथं करून घेणार, एकाची किंमत साधारण 800 युरो. आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे रुपये किती गं?" मी सांगितलं. त्यांनी कप परत उचलला, काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं तोच माईकवाला पोरगा आला. आप्पा म्हणाले, "बस. चहा घे. आधी मला सांग, ह्यातलं कारागिराच्या हातात किती पडणार?" पोराकडे उत्तर नव्हतं. ती क्लिप मात्र कुणी फिरवली नाही.

तुमचं बिल चुकतं केलंय. तुम्ही कापशीचे पैसे द्यायला निघालाय असं कळलं, ते आप्पा घेणार नाहीत. जोड तयार आहे, घेऊन जा. पहिले काही दिवस चावेल, अंगठ्याला तेल लावा.

तुमची,
सुभाषनगरातली ताई