अर्जावर माझी सही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागात सध्या एक अर्ज दारोदार फिरतो आहे. गल्लीच्या टोकाला एका जुन्या वाड्याच्या खालच्या खोलीत रोज सकाळी पावडर, म्हणजे अफूपासूनची ब्राउन शुगर, ओढणाऱ्या, सुया टोचणाऱ्या पोरांना तिच्याऐवजी औषधाची गोळी दिली जाते. ती खोली बंद करा, असा तो अर्ज. ‘सरकारी खर्चाने चालणारा नशेड्यांचा अड्डा’ असे शब्द त्यात आहेत आणि खाली पन्नासेक सह्या. मंगळवारी तो माझ्या काउंटरवर आला. माझं मेडिकल आहे आणि आपल्याकडे औषधवाल्याच्या सहीला उगाचच वजन असतं. मी कागद ठेवून घेतला, सही केली नाही. का, ते तिथे उभ्याउभ्या सांगता आलं नाही. गिऱ्हाईक होतं, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. म्हणून हे पत्र.

माझं वय सदुसष्ट. दुकान १९८४ पासून इंदूरलाच, राजवाड्यापासून पायी पंधरा मिनिटांवर. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणायचो, इथल्या एका कापड मिलमध्ये टाइमकीपर होता. नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. घेत तो आधीही होता, पगाराच्या दिवशी, मित्रांबरोबर. मिलचा भोंगा थांबला आणि त्याची वेळ पाळणारं काही उरलं नाही. पाच-सहा वर्षांत तो रोज देशी मसाला दारूच्या तीन क्वार्टरपर्यंत पोचला. पहिली सकाळी, चहाच्या आधी.

१९९८ च्या गणेश चतुर्थीला आईने त्याला खजराण्याला नेलं आणि गणपतीसमोर शपथ घ्यायला लावली. त्याने मनापासून घेतली. घरी येऊन मोदक खाल्ले. त्या रात्रीपासून एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाची बशी वाजायची. आम्हाला वाटलं, अंगातलं विष निघतंय, निघू दे. संध्याकाळी फेफरं आल्यासारखा झटका आला. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या वेचायला लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. चादरीवरून काहीतरी चिमटीत धरून तो माझ्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, “टाक बाहेर.” शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी औषधांच्या दुकानात बसणारा माणूस, मलाही कळलं नाही. पहाटे सरकारी इस्पितळात नेला. तिथल्या डॉक्टरांनी सलाईनच्या आधी व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन मागितलं आणि मला झापलं, रोज एवढी पिणाऱ्याची दारू कोणी अशी एका रात्रीत तोडतं का? झटके पहिल्या दोन दिवसांत येतात, भ्रम साधारण तिसऱ्या दिवशी, आणि त्यात माणूस जातोही. हे मला चौदा वर्षं दुकान चालवून ठाऊक नव्हतं.

वाचला. महिन्याभरात पुन्हा सुरू झाली.

पुढचं लिहायला जड जातंय. २००१ मध्ये वहिनी दुकानात आली, सोबत पेपरातली एक जाहिरात: रुग्णाच्या नकळत दारू सोडवा. म्हणाली, “भाऊजी, हे मागवून द्या ना.” मी म्हटलं, या पुड्यांत काय असतं देव जाणे, मी त्यापेक्षा नीट गोळी देतो. दवाबाजारातून डायसल्फिरामची स्ट्रिप आणली, चिठ्ठीशिवाय. वहिनी ती कुटून वरणात घालायची. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की दारू शरीरात अर्धवट मोडते आणि मधलं विष साठत जातं. चौथ्या दिवशी दादा कलालीवरून आला तो टोमॅटोसारखा लाल. छाती धडधडतेय, ओकाऱ्या थांबत नाहीत, बीपी हाताला लागेना. तोही दिवस निभावला. गोळी वाईट नाही. डॉक्टरांसमोर समजून-उमजून, आधी दारू थांबवून घेतली तर तिच्या धाकाने सुटलेले लोक माझ्या गिऱ्हाइकांत आहेत. पण नकळत घातली तर तो विषप्रयोगच, आणि तो मी माझ्या सख्ख्या भावावर केला. महिन्याला दोन-तीन बायका आजही काउंटरशी येऊन हळू आवाजात तेच मागतात. मी देत नाही. देत नाही म्हटल्यावर त्या दुसऱ्या दुकानात जातात, हेही दिसतं.

२००६ मध्ये एका खाजगी नशामुक्ती केंद्राची जीप आली. चार जणांनी दादाला बनियनवर उचलून नेलं. पैसे मीच भरले होते. तीन महिन्यांनी परत आला तो पाठीवर वळ घेऊन, आणि त्याच संध्याकाळी प्यायला. बोलला मात्र काही नाही, आठवडाभर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही धरले आहेत, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात साफ मनाई आहे. हा कायदा तेव्हा नव्हता. आता आहे, पण गुमास्त्याच्या परवान्यासारखा भिंतीवर टांगून कोणी वाचत नाही.

त्यानंतर ज्या डॉक्टरांनी दादाला सांभाळलं ते निवृत्तीला आलेले होते. “कधी सोडणार?” हा आमचा सगळ्यांचा प्रश्न. त्यांनी तो विचारलाच नाही. विचारलं, “पहिला घोट किती वाजता?” दादा म्हणाला, सहाला. “तो नऊला नेता येईल का? आणि त्याआधी दोन पोळ्या?” बी-वनची गोळी रोज. प्यायल्यावर स्कूटरची किल्ली वहिनीकडे. एकदम तोडायची नाही, अर्धी-अर्धी क्वार्टर खाली आणायची, दर पंधरा दिवसांनी त्यांना दाखवून. मी तर चिडलोच होतो. हा कसला इलाज, दारूड्याला प्यायची वेळ ठरवून देणं?

वहिनीने हिशोब दुधाच्या कॅलेंडरवर मांडला. रोजच्या चौकोनात वर ‘दू. १’ आणि त्याखाली ‘दा. २½’. ती कॅलेंडरं तिने जपून ठेवली आहेत, परवाच पाहून आलो. जुलैत ‘दा. २½’, दिवाळीला ‘दा. १½’, संक्रांतीपर्यंत ‘दा. १’, आणि गुरुवारचे चौकोन दत्ताच्या नावाने रिकामे. मधे काही चौकोनांत नुसतीच फुली आहे. ते दिवस काय होते, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. २०११ मध्ये तो नाल्याच्या कठड्यावर पडून डोक्याला नऊ टाके घालून आला, तोही आकडा तिथे आहे.

दादा पुढे अकरा वर्षं जगला. मुलीच्या लग्नात अंतरपाट धरायला उभा होता आणि हात स्थिर होते. २०१७ च्या थंडीत न्यूमोनियाने गेला. दारू त्याची शेवटपर्यंत सुटली नाही. वहिनीला विचाराल तर ती आजही म्हणेल, “मला पूर्ण सुटलेली हवी होती, भाऊजी.” तिचं खोटं नाही. ज्याचं लिव्हर गेलंय त्याला डॉक्टर कमी करा म्हणत नाहीत, बंद म्हणजे बंद सांगतात. ज्याला पूर्ण सोडता येते त्याने सोडावीच. शहरात एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ गटाच्या, बैठका चालतात, तिथे बसून वर्षानुवर्षं कोरडे राहिलेले लोक मी पाहिलेत. प्रश्न उरतो तो ज्याला आज जमत नाही त्याचा. त्याला जमेपर्यंत आपण काय देणार आहोत?

शिकलेली मंडळी याला हानी-न्यूनीकरण म्हणतात. शब्द जड आहे, पण त्या खोलीत जे चालतं ते हेच. बुधवारी सकाळी साडेआठला मी तिथे जाऊन बसलो. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नर्सबाई छोट्या खलात कुटतात आणि पूड पोराच्या जिभेखाली टाकतात. ती विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं, बोललं की लाळेबरोबर पोटात जाते आणि वाया जाते. मग “जीभ वर कर” म्हणून बाई टॉर्च मारून बघतात. एवढी गप्प रांग मी रेशनच्या दुकानातही पाहिलेली नाही. एकजण डिलिव्हरीचा टी-शर्ट घालून मोबाइलकडे डोळे लावून बसला होता, पहिली ऑर्डर यायच्या आत निघायचं म्हणून. एकाने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. त्याची आजी माझ्याकडून गुडघ्याचं तेल नेते.

ही गोळी अफूच्याच जातीची आहे, हे अर्जवाल्यांचं म्हणणं खरं आहे. मेंदूत पावडर जिथे जाऊन बसते तिथेच ती बसते, पण एका मर्यादेवर नशा चढवत नाही आणि तिचा असर दिवसभर टिकतो. पावडर न मिळाल्यावरची अंगदुखी, जुलाब, नाकाडोळ्यांचं पाणी होत नाही, म्हणून पोरगं कामावर जाऊ शकतं, चोरी करत नाही, सुई टोचत नाही. नाको, म्हणजे सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, हे काम करते ते मुळात एचआयव्ही रोखण्यासाठी. “एक नशा सोडवून दुसरी लावली” असं अर्ज घेऊन आलेले गृहस्थ म्हणाले. ते माझे जुने स्नेही. मधुमेहाची मेटफॉर्मिन वीस वर्षं माझ्याकडूनच नेतात आणि रविवारी पोह्यांबरोबर जिलबी खातात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. आधी जिलबी सोडा, मग गोळी देतो, असं मी त्यांना कधी म्हटलं नाही.

पावडर आपल्याकडे का मिळते हे कोणाला सांगायला नको. मंदसौर-नीमचची अफूची शेतं इथून काही तासांच्या अंतरावर, सरकारी परवान्यावरची. त्यातला किती चीक कुठे वळतो ते पोलीस जाणोत. सरकारने २०२३ मध्ये अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद केले, २०२५ मध्ये उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर अशा ठिकाणची दारूची दुकानं. करा. पण अहाता बंद झाल्यावर आमच्या मागच्या गल्लीतले प्लॅस्टिकचे ग्लास वाढले, एवढं झाडूवाल्या ताई सांगतील.

माझ्या धंद्याचंही एक पाप आहे. सिरिंज विकायला चिठ्ठी लागत नाही, पाच-सात रुपयांची वस्तू. तरी वर्षानुवर्षं अशी पोरं आली की मी “संपली” म्हणायचो. परवा कधी दुकानामागच्या नालीत एक सिरिंज सापडली, तिच्यावरचे एमएलचे आकडे घासून पार पुसले गेले होते. इतक्या हातांतून, इतक्यांदा. एचआयव्ही, हेपॅटायटीस सी असेच पसरतात. ज्या शहरात डायपरला वेगळा डबा आहे तिथे या सुया नालीत पडतात. आता मी सिरिंज देतो आणि जुनी परत आणली तर जाड डब्यात टाकून घेतो. दोन शेजारी दुकानदार त्यामुळे बोलत नाहीत.

आमच्याच गल्लीतला एक मुलगा चार महिने बाहेरगावच्या केंद्रात राहून परतला. आईने पेढे वाटले. चार महिन्यांत शरीर सवय विसरतं, तो मात्र आपला जुना डोस विसरला नव्हता. संडासाचं दार सकाळी तोडावं लागलं. त्याच्याबरोबर अजून एक होता, तो पोलिसांच्या भीतीने पळाला होता. श्वास परत आणणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, वेळेत इस्पितळ गाठलं असतं तर. घाबरून पळणाऱ्याला कोणी हे सांगितलेलंच नसतं. त्या खोलीत सांगतात.

सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूच्या त्रासासाठी मदत लागेल असे ५ कोटी ७० लाख लोक. दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकाला काहीतरी उपचार मिळाला. उरलेल्या सदतीस घरांत वरणात काय पडतं याचा अंदाज मला काउंटरवरून येतो. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातही २०१४ मध्ये व्यसनींच्या उपचाराबरोबर ‘व्यवस्थापन’ हा शब्द घातला आहे, म्हणजे ही खोली काही कायद्याच्या डोळ्याआड चाललेली नाही.

खोलीबाहेर पोरं रस्त्यावर थुंकतात, मोटारसायकली आडव्या लावतात, ही तक्रार बरोबर आहे. बुधवारी मीही पाहिलं. त्यासाठी वेगळा अर्ज करा, पहिली सही माझी.

हा अर्ज माझ्या गल्ल्याच्या खणात आहे. स्नेह्यांना सांगितलं, एकदा सकाळी माझ्याबरोबर येऊन बसा, कागद तिथेच तुमच्या हातात देतो. सोमवारी साडेआठला येतो म्हणालेत. पोहे खाऊन.

आपला,
एक औषधविक्रेता, इंदूर

(वहिनीने हे सगळं लिहायला परवानगी दिली आहे, नावासकट नाही. कृपया नाव छापू नये.)