आईची अर्धशिशी आणि ती नवी गोळी

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही त्या नव्या गोळीचं विचारलंत आणि मागून आई ओरडली, "मला काही नको!" दोघं एकदम बोललात की मला एकाचंही धड कळत नाही, म्हणून लिहूनच पाठवते.

बेळगावच्या डॉक्टरांनी आईला सुमाट्रिप्टान ही अर्धशिशीची जुनी गोळी दिली नाही, ते बरोबरच केलं. सेरोटोनिन म्हणजे शरीरात निरोप पोचवणारं एक रसायन, आणि रिसेप्टर म्हणजे ते निरोप घेणाऱ्या पेशींवरच्या जागा. ती गोळी सेरोटोनिनच्या 1बी आणि 1डी रिसेप्टरांवर काम करते. 1बी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असतात, त्यामुळे वाहिन्या आकसतात, हृदयाच्यासुद्धा. आईला तर स्टेंट बसवलाय.

नवी आहे ती लासमिडिटान. ती 1एफ रिसेप्टरवर जाते आणि वाहिन्या न आकसता दुखण्याच्या नसा शांत करते. याच जातीचं आधीचं एक औषध माणसांना लागू पडलं होतं, पण कुत्र्यांच्या यकृताला इजा दिसली आणि काम थांबवावं लागलं. लासमिडिटान मात्र तरली. अमेरिकेत तिला ऑक्टोबर 2019 मध्ये परवानगी मिळाली.

पण बाबा, जादूबिदू काही नाही. एका मोठ्या चाचणीत 200 मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी साधारण 32 टक्के लोकांचं डोकं दुखायचं 2 तासांत पूर्ण थांबलं. नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांतही 15 टक्क्यांचं थांबलं! आणि त्या चाचणीत हृदयविकाराचे पेशंट घेतलेच नव्हते, ते पुढच्या चाचणीत घेतले.

आई, आता तुझ्यासाठी. या गोळीने गरगरतं, झोप येते. घेतल्यावर 8 तास गाडी चालवायची नाही, अगदी ठणठणीत वाटलं तरी. म्हणजे सकाळी गोळी घेऊन दुपारी स्कूटीवरून बचत गटाच्या मीटिंगला, तेही खानापूरच्या पावसात, हे चालायचं नाही. शिवाय तिने नाडीचे ठोके थोडे कमी होतात, आणि ठोके कमी करणारी एक गोळी तुला आधीच चालू आहे. डॉक्टरांना हे आठवणीने सांगायचं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. कपाळाला पंचा करकचून बांधून, मिक्सर बंद करायला लावून तू पडून राहतेस, आणि मेडिकलवाल्याकडून मागवलेली पाकिटं उशीखाली असतात. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीनेक महिने चाललं, की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. त्यातल्या काही हृदयालाही बऱ्या नाहीत. त्यापेक्षा अर्धशिशीवर आजी द्यायची ती पहाटेची दूध-जिलेबी परवडली, निदान तोंड तरी गोड व्हायचं.

बाबा, गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारा. आई लपवेल, तरी मारा. महिनाअखेर तो कागद आणि स्टेंटची फाईल घेऊन डॉक्टरांकडे जा, नव्या गोळीचं तिथे विचारा. परस्पर कुणाकडून मागवू नका. मी रविवारी फोन करते, पहिला आईकडे द्या.

तुमची,
धाकटी