काका, तुमच्या एका प्रश्नासाठी

ती. काका,
सा. नमस्कार.

मागच्या आठवड्यात प्रबंध जमा केला. ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का विचारलं, तर तुम्ही साफ नाही म्हणालात. ‘मी काय केलं? चहा पाजला.’ म्हणून नाव न घालता हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या गल्लीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

गेल्या उन्हाळ्यातली ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. तुम्ही हिंचक्यावर बसला होतात. मी प्रयोगशाळेतून परत येत होते आणि चेहऱ्यावर सगळं दिसत असणार, कारण तुम्ही हाक मारून बसवलंत. माझं काम भक्षक पेशींवरचं. रक्तातल्या या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि त्याच्यावर सुपरऑक्साइड सोडतात. ऑक्सिजनच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळाला की सुपरऑक्साइड होतं. त्यात एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा राहतो, म्हणून तो मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल. हे घडवणारं एन्झाइम ज्या मुलांत जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यांना पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होतात. ते सुपरऑक्साइड मोजायला मी एक रंगद्रव्य वापरत होते. ते पेशीत शिरतं आणि ऑक्सिडेशन झालं की हिरवं चमकतं. माझ्या बशीत उत्तेजित केलेल्या पेशी चमकत होत्या आणि न केलेल्याही, ज्यांनी चमकायला नको होतं.

तुम्ही रंगद्रव्याबद्दल काहीच विचारलं नाहीत. ‘रॅडिकल म्हणजे मूलक ना गं? मग मूळ कशाचं?’ एवढंच. मला सांगता आलं नाही. पाच वर्षं तो शब्द रोज लिहीत होते आणि सांगता आलं नाही.

मग तुम्ही सुरुवात केलीत ती थेट वर्गमूळापासून. लॅटिनमध्ये राडिक्स म्हणजे मूळ, त्यातूनच रॅडिकल आणि रॅडिशही. आपल्याकडे मूळ आणि मुळा, तसंच. आर्यभटाच्या इ. स. ४९९च्या ग्रंथात ‘वर्गमूल’ आहे. भास्कराचार्य ११५०च्या बीजगणितात करणीच्या, म्हणजे पूर्ण न निघणाऱ्या वर्गमुळाच्या, आधी नुसता ‘क’ लिहीत. आपण शाळेत काढतो ते मूळचिन्ह छापलं गेलं १५२५ साली, रुडॉल्फच्या जर्मन पुस्तकात. रसायनशास्त्रात हा शब्द रुळला तो १७८७च्या फ्रेंच नामकरणातून, लाव्हॉझिये आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या. ऑक्सिजनशी जोडला गेल्यावर ज्याचं आम्ल होतं, तो आम्लाचा गाभा म्हणजे रॅडिकल. असा गाभा सुटा, एकटा राहू शकेल असं पुढे बऱ्याच जणांना पटेना. १९०० साली मिशिगनमध्ये मोझेस गोम्बर्ग अणूंचे दोन मोठे गट एकमेकांना जोडायला गेला. पहिल्यांदा हाती आलं ते भलतंच, हवेतला ऑक्सिजन मध्ये शिरलेला पदार्थ. त्यानं हवा बंद करून प्रयोग पुन्हा केला आणि पिवळा द्रव मिळाला. हवा लागली की रंग जाई. तो सुटा मूलक होता.

इथे तुम्ही हिंचका पायानं थांबवलात आणि म्हणालात, ‘त्यानं हवा काढून पाहिली तेव्हा कळलं. तू काय काढून पाहिलंस? पेशी काढून पाहिल्यास का?’

नव्हत्या काढल्या, काका.

दुसऱ्या दिवशी नुसतं रंगद्रव्य आणि द्राव घेऊन बसले. पेशी एकही नाही. सूक्ष्मदर्शकाचा निळा प्रकाश जितक्या वेळा टाकला तितकी चमक वाढत गेली. प्रकाशानंच त्याचं ऑक्सिडेशन होत होतं. मग वाचलं तेव्हा आणखी कळलं: सुपरऑक्साइडशी त्याची थेट अभिक्रिया नीट होतच नाही, आणि अर्धवट ऑक्सिडेशन झालेलं हे रंगद्रव्य स्वतःच मूलक असतं, ते ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड बनवतं. जे मोजायचं तेच मोजणारा पदार्थ तयार करत होता. सात महिन्यांचे आकडे मी खोडले. त्या रात्री रडले, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

पुढची पद्धत जुनी आणि साधी निघाली. सुपरऑक्साइड सायटोक्रोम सी या प्रथिनाला इलेक्ट्रॉन देतं, आणि त्याचं ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण वाढतं. पण वाढ झाली म्हणजे सुपरऑक्साइडच, असं नाही. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९मध्ये सुपरऑक्साइडला निकामी करणारं एन्झाइम, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, दाखवलं. ते घातल्यावर वाढीतला जेवढा भाग नाहीसा होतो, तेवढाच सुपरऑक्साइडचा. बॅबियर आणि सहकाऱ्यांनी १९७३मध्ये हीच युक्ती पांढऱ्या पेशींवर वापरली होती. मी हे तुम्हाला कागदावर दाखवलं तेव्हा तुम्ही एन्झाइमच्या नावाखाली रेघ मारलीत आणि बाजूला लिहिलंत, ‘वजाबाकी’. तो कागद माझ्या प्रयोगवहीत चिकटवलेला आहे. प्रबंधातला प्रत्येक आलेख ती वजाबाकी करूनच काढलाय.

माझ्या क्षेत्रातल्या माणसांनी मला खूप मदत केली, त्यांचे आभार प्रबंधात आहेत. पण पेशी काढून पाहा, हे मला आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसानं सांगितलं, ज्यानं ते यंत्र कधी पाहिलंही नाही. सात महिने तसेच पुढे गेले असते तर चुकीचे निष्कर्ष छापले गेले असते, माझ्या सहीनं. ते टळलं. याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

एक राहिलं. सर्वसाधारण पंचघाती समीकरण मुळांच्या सूत्रानं सुटत नाही, हे गणिती आबेलनं १८२४मध्ये सिद्ध केलं आणि गाल्वानं त्याचं कारण उलगडलं, असं सांगून तुम्ही ‘प्रबंध संपला की ये, मग समजावतो’ म्हणाला होतात. प्रबंध संपला. रविवारी सकाळी वही घेऊन येते. काकूंना नमस्कार.

तुमची,
समोरच्या माडीवरची