कट्यार मशीनवर देऊ नका

योग्यकार्ता, जावा
12 जुलै 2025

तीर्थरूप आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई फोनवर म्हणाली की दसऱ्याआधी दादा देवघरातली कट्यार मशीनवर घासून चकचकीत करून आणणार आहे. तेवढ्यासाठी हे पत्र लिहायला बसले. त्याला थांबवा.

इथे सध्या सुरा महिना चालू आहे, म्हणजे मोहरम. जावाचं 1959 वं वर्ष नुकतंच लागलं. सुलतान अगुंगने 1633 साली महिने चंद्रावरचे इस्लामी धरले, पण शकाचा आकडा मोडला नाही. तेव्हा 1555 होते, तिथूनच पुढे मोजत राहिले. हा शक आपलाच, शालिवाहनाचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुमची फार आठवण आली.

याच महिन्यात घरोघरच्या केरिस धुतात. केरिस म्हणजे इथली कट्यार. पातं सरळ असतं नाहीतर नागमोडी, आणि नागमोडी असेल तर वळणं नेहमी विषम. धुण्याला 'जामासान' म्हणतात. जामास म्हणजे डोक्यावरून न्हाणं. हत्याराला न्हाऊ घालायचं, हा शब्दच मला आवडला.

मी ज्यांच्याकडे शिकते त्यांना सगळे 'पाक' म्हणतात, म्हणजे वडील. काल त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. आधी केरिस दोन्ही हातांनी कपाळाला लावली, मगच म्यान काढलं. पातं आधी नारळाच्या पाण्यात भिजवून घ्यायचं. ते लिंबू आणि रिठ्याने हळूहळू चोळत राहायचं, गंज सुटून लोखंड पांढरं दिसेपर्यंत. होय, रिठाच, आईच्या शिकेकाईच्या डब्यातला. त्यानंतर लिंबाच्या रसात कालवलेला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, लावतात. तो जालीम, म्हणून मला नुसतं बघायला सांगितलं. (दादाला हे वाचून दाखवाल तर बजावून सांगा, घरी असलं काही करायचं नाही.) सोमल लागला की पोलाद काळं पडतं, आणि निकेल असलेले थर मात्र पांढरेच राहतात. लोहाराने थरांवर थर दुमडून ठोकलेली नक्षी डोळ्यांदेखत वर येते. तिला 'पामोर' म्हणतात. कालच्या पात्यावर 'बेरास वुताह' होता, म्हणजे सांडलेले तांदूळ. खरंच तसाच दिसत होता. पूर्वी प्रंबाननच्या देवळांजवळ पडलेल्या उल्केचं लोखंडही सुराकार्ताच्या लोहारांनी पामोरसाठी वापरलं.

शेवटी पातं कोरडं करून चंदनाचं तेल लावलं. तेव्हा पाक म्हणाले, प्रत्येक न्हाण्यात लोखंडाचा एक पापुद्रा जातो, म्हणून हात हलका हवा. आण्णा, हे लिंबाने होतं, मग मशीनच्या चाकाने काय होईल? आपल्या कट्यारीवर मुठीजवळ बारीक रेघा आहेत. लहानपणी मी त्यांना ओरखडे समजत होते. आता वाटतं, तीही घडणीचीच खूण असेल. एकदा घासली गेली की ती परत येणार नाही.

सुकूहच्या देवळातलं शिल्पही तुम्हाला दाखवायचं आहे. पंधराव्या शतकातलं, लावू डोंगराच्या उतारावरचं. भीम लोहार होऊन हत्यार घडवतोय, अर्जुन भाता चालवतोय आणि मध्ये गणपती नाचतोय! मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही. नवरा मुलगा इथे आजही पाठीमागे कमरेला केरिस खोचून मांडवात येतो, तिच्या मुठीला मोगऱ्यासारख्या फुलांची माळ असते. हत्यार पाठीशी असतं, समोर नाही.

दुसरं काम मशीनपेक्षा महत्त्वाचं आहे: कट्यारीची माहिती लिहून ठेवायची. डचांविरुद्ध 1825 ते 1830 लढलेल्या इथल्या राजपुत्र दिपोनगोरोची 'क्याई नोगो सिलुमान' नावाची केरिस हॉलंडला गेली होती. क्याई हे वडीलधाऱ्या माणसाला लावायचं आदराचं पद, ते केरिसलाही लावतात. तिथल्या संग्रहालयात तीच ती कोणती, हे कुणाला माहीत उरलं नव्हतं. ओळख पटवताना कामी आला दिपोनगोरोचा सेनापती सेंतोत याने लिहून दिलेला कागद, आणि त्यावर चित्रकार रादेन सालेह याने केलेली नोंद. 2020 च्या मार्चमध्ये ती इंडोनेशियात परत आली. कागद नसता तर ती संग्रहातल्या इतर पात्यांतलं एक पातं होऊन राहिली असती.

आपली कट्यार कुणाची, हे मला माहीत नाही. तुम्ही म्हणता पणजोबांची, आत्या म्हणते तिच्या आजोळची. तुम्हाला जे आठवतं ते वहीत लिहा, आत्यालाही वेगळं लिहायला सांगा, दोघांचं जुळलं नाही तरी चालेल. मूठ कधी बदलली, ते लाल कापड कुणाचं, खंडेनवमीला पूजा कोण मांडत असे, सगळं.

पावसाळ्यात तिला कातड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरते. कोरड्या सुती फडक्याने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि उघड्या बोटांनी पात्याला धरू नका, घामाने गंज चढतो. मुठीजवळच्या रेघांचा सकाळच्या तिरप्या उन्हात एक फोटो काढून पाठवा. पाकना दाखवायचा आहे.

आईला नमस्कार.

तुमची,
माई