बोहोची माती मागू नका, बोहोला हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलन आणि आसपासच्या मराठी कुटुंबांना ही विनंती.

बोहो गावातल्या सेक्रेड हार्ट चर्चची जुनी दफनभूमी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. (रस्ता विचारताना नुसतं ‘बो’ म्हणा, इथले लोक तसंच म्हणतात.) तिथे फादर जेम्स मॅकगर यांची कबर आहे. ते १८१५ साली वारले. त्यांच्या हाताला गुण होता, आणि आपण गेल्यावर आपल्या कबरीवरची माती तेच काम करील, असं ते सांगून गेले, अशी गावाची श्रद्धा. चिमूटभर माती कापडात बांधून न्यायची, उशाखाली ठेवायची, फादरांसाठी प्रार्थना करायची आणि चौथ्या दिवसापर्यंत परत आणून टाकायची. घरात ठेवून घेतली तर अनिष्ट होतं म्हणतात.

२०१८ साली स्वान्सी विद्यापीठातल्या संशोधकांना बोहोच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूंच्या कुळातला एक नवा प्रकार सापडला. औषधांना न जुमानणाऱ्या काही जंतूंना, अगदी एमआरएसए या चिवट जंतूलाही, तो प्रयोगशाळेत रोखतो. त्या चमूतले जेरी क्विन पूर्वी याच भागात राहिलेले, बरीच वर्षं ही रीत ठाऊक असलेले. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन याच कुळातून आलं.

बातमी व्हॉट्सअॅपवर फिरली की गावाकडून निरोप येतातच: अंगाऱ्यासारखी एक पुडी पाठवा! कृपया पाठवू नका. जीवाणूचा गुण वेगळा, माती जखमेला लावणं वेगळं. दुसरं धोक्याचं आहे. परवानगीशिवाय परदेशची माती भारतात नेताही येत नाही. आणि परत न येणाऱ्या मातीला इथल्या रीतीत जागाच नाही.

त्यापेक्षा हात द्या. उन्हाळ्यात कबरींच्या आशीर्वादाचा रविवार असतो. त्याआधी लोक आपापल्या घरच्या कबरी साफ करतात, पण ज्यांचं कुणी उरलं नाही त्या गवतात बुडतात. चर्चची परवानगी घेऊन आपण त्या साफ करू. हातमोजे, विळे, कचऱ्याच्या पिशव्या आणि गाडीत रिकामी जागा हवी आहे. दगडांवर तारेचा ब्रश, ब्लीच, तणनाशक अजिबात नको. पडलेला दगडही उचलू नका. आवारातल्या कोरीव क्रॉसला मुलांना टेकू देऊ नका, तो हजारेक वर्षांचा आहे.

पैसे द्यायचे असतील तर थेट चर्चच्या दानपेटीत टाका, आम्ही गोळा करत नाही. येणाऱ्यांनी मंडळाच्या गटावर नाव आणि गाडीतल्या मोकळ्या जागा कळवाव्यात. पाऊस असला तरी जायचंच आहे, रेनकोट आणा.